भोयरजींची पाठमोरी माणसे

भोयरजींनी माझी अकरा चित्रे काढली. त्यांतल्या एकातही माझा चेहरा नाही. एकात मी कपाटाच्या वरच्या खणातली फाइल काढतो आहे, टाचा उचललेल्या. एकात जेवणाच्या सुटीत खिडकीकडे तोंड करून वाचत बसलो आहे. एकात छत्री काखेत धरून बसची वाट पाहतो आहे. माझ्या पत्नीने ती पहिल्यांदा एकेक करून पाहिली. मग म्हणाली, "तुमच्या मानेवर एवढा कंटाळा असतो हे मला ठाऊक नव्हतं."

भोयरजींना जाऊन आता सात महिने होतील. कुहीहून त्यांच्या पुतण्याचे चार ओळींचे कार्ड आले. कार्यालयातल्या जुन्या मंडळींनी एका सहकाऱ्याच्या घरी शोकसभा ठेवली आणि मला बोलायला सांगितले. मी उठलो, भोयरजी फार चांगले ड्राफ्ट्समन होते एवढे म्हणालो आणि बसलो. मनात होते ते चारचौघांत बोलण्यासारखे नव्हते. म्हणून रोज थोडे थोडे लिहितो आहे. त्यात एका घराची गोष्ट येईल. त्या घरातल्या माणसांची नावे आणि ठिकाणे मी बदलली आहेत. भोयरजींना हे चालले असते, असे मला वाटते.

नारायण भोयर बांधकाम खात्याच्या आमच्या कार्यालयात नकाशे गिरवणारे ट्रेसर म्हणून लागले आणि पुढे नकाशे आखणारे ड्राफ्ट्समन झाले. मी रेकॉर्ड विभागात होतो. घर कुहीकडच्या एका खेड्यात, धानाची शेती. ती त्यांची बायको आणि धाकटा भाऊ पाहत. हे नागपूरच्या महाल भागात एका खोलीत राहत आणि शनिवारी दुपारच्या बसने गावी जात. उंच, किंचित वाकलेले, सदऱ्याच्या खिशाची शिवण कायम उसवलेली. ती उसवे, कारण त्या खिशात एक जाडजूड वही कोंबलेली असे. कार्यालयात नकाशांच्या बाद झालेल्या निळ्या प्रती पडलेल्या असत. त्यांच्या कोऱ्या बाजूचे तळहाताएवढे तुकडे कापून, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवून, ते स्वतःच वह्या करीत. एक वही महिनाभर पुरे. महिना संपला की दुसरी.

त्या वह्यांत रस्ता असे. सीताबर्डीवर चप्पल हातात घेऊन अंगठा शिवून घेणारा माणूस. इतवारीत पोत्याखाली वाकलेला हमाल, ज्याचे डोके पोत्यात गेले आहे आणि फक्त पिंढऱ्या दिसतात. रेशनच्या रांगेतल्या बायका, पिशव्या डोक्यावर घेतलेल्या. गोकुळपेठेच्या बाजारात भाजीवालीसमोर उकिडवा बसून एकेक वांगे उलटेपालटे करणारा कोणी पेन्शनर. ते सायकल एका पायावर टेकवून उभे राहत, पेन्सिलीचा बोटभर तुकडा काढत आणि दोन-तीन मिनिटांत वही खिशात जाई. काढताना जीभ ओठांच्या कोपऱ्यातून जराशी बाहेर आलेली असे. रबर त्यांनी या कामाला कधी वापरला नाही. कार्यालयात ट्रेसिंगवरची चुकलेली रेघ ते ब्लेडने इतकी हळुवार खरवडत की शोधून सापडू नये. पण वहीत चुकलेली रेघ तशीच राही. म्हणत, "माणूस चालता चालता चुकीचं पाऊल टाकते, ते कुठी खोडता येते?"

आणि ही सगळी माणसे पाठमोरी. फार तर कानाचा आणि गालाच्या हाडाचा कोपरा दिसे, तेवढेच. समोरून कोणी आलाच, तर चेहऱ्याच्या जागी नुसता रिकामा गोल.

याचे मूळ त्यांच्या कामात होते. इमारतीचा दर्शनी नकाशा काढताना दार किती उंच आहे ते कळावे म्हणून दाराशेजारी एक माणूस उभा करतात. साडेपाच फुटांचा, नाकडोळे नसलेला. आमच्या कार्यालयात हा माणूस भोयरजींसारखा कोणाला जमत नसे. इतरांचा माणूस खांबासारखा उभा राही. यांचा माणूस कोणाची तरी वाट पाहत उभा असे. हेड ड्राफ्ट्समन चिडवत, "भोयरजी, तुमच्या माणसाले डोकं आहे, तोंड नाही. अगदी आपल्या खात्यासारखा." घरूनही तेच. एकदा त्यांची बायको दवाखान्याच्या कामासाठी नागपुरात आली होती, तेव्हा मला म्हणाली, "यायनं माह्या बापाले काढलं, तं बाप ओळखूच नाही आला भाऊजी. धोतर मात्र ओळखू आलं."

भोयरजी यावर हसत. पण त्यामागे त्यांचा एक विचार होता, आणि तो मला एका प्रवासात कळला.

एका सहकाऱ्याच्या लग्नासाठी आम्ही इतवारीहून छिंदवाड्याच्या छोट्या गाडीने चाललो होतो. ती गाडी इतकी सावकाश जाई की लोक उतरून, आडोशाला जाऊन, पुन्हा चढत. पाकिस्तानशी लढाई संपून महिनाभरच झाला होता. एका लहानशा स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर सीताफळांच्या टोपल्या घेऊन चार बायका आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. भोयरजी उतरले आणि काढू लागले. पाचव्या मिनिटाला रेल्वे पोलिसांचा एक जमादार आला आणि वहीसकट त्यांना स्टेशनमास्तरच्या खोलीत घेऊन गेला. मी धावत मागे गेलो. जमादार एकेक पान उलटत होता आणि त्याचा संशय वाढत होता.

"इसमें किसी का मुँह नहीं है," तो म्हणाला. "सबका मुँह क्यों छुपाया?"

भोयरजी शांतपणे म्हणाले, "साहब, वो मेरी तरफ देख नहीं रहे थे."

मी कार्यालयाचे ओळखपत्र दाखवले, लग्नाची पत्रिका दाखवली. शेवटी जमादाराला पटले. पण त्याचे मन वहीत अडकले होते. त्याने हुकूम सोडला की माझे चित्र काढ, आणि तोंडासकट काढ. भोयरजींनी हात जोडले, म्हणाले की तोंड येत नाही. तेव्हा तो सहा फुटी गृहस्थ काही क्षण विचार करून आपणहून वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गार्ड शिट्टी घेऊन दारात थांबला. चित्र हातात पडल्यावर जमादाराने ते लांब धरून पाहिले. पट्टा बरोबर आला आहे, एवढेच म्हणाला आणि चित्र घडी घालून टोपीत ठेवले.

गाडी सुटल्यावर मी विचारले की तोंड खरेच येत नाही का. ते बाहेर पाहत होते. "येत असन मास्तर, कोणाले माहीत," ते म्हणाले. मी सुटीत वाचत बसे म्हणून ते मला मास्तर म्हणत. "पण पाठ रस्त्याची असते अन् तोंड घरचं. रस्त्यानं जो जाते त्याची पाठ आपण घेऊ शकतो, इचारा नाही लागत. तोंड काढाचं तं इचारा लागते. अन् इचारलं का ते तोंड बदलते. मंग जे पाह्यलं नाही ते काढा लागते. ते मले जमत नाही."

न पाहिलेले काढायचे नाही, हा त्यांचा नियम होता. तो एकदाच मोडला, आणि तो मोडायला मी लावला.

काटोलकडे एका कालव्याच्या पाहणीला गेले असताना ते बांधावरून घसरले आणि घोट्याचे हाड मोडले. प्लास्टर निघाले तरी पाय टेकवेना. सायकल बंद झाली. पाच महिने ते सायकलरिक्षाने कार्यालयात येत. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी किसन नावाच्या रिक्षावाल्याचा ठिय्या होता. तोही कुहीकडचाच, त्यामुळे पहिल्याच दिवशी गावांची ओळख निघाली. रोज सकाळी महालातून निघून, रेल्वेचा पूल चढून, किसन त्यांना आमच्या फाटकाशी आणून सोडी.

मागे बसलेल्या माणसाला समोर दिसणार काय, तर चालवणाऱ्याची पाठ. भोयरजींना असे मॉडेल आयुष्यात मिळाले नव्हते. पाच महिन्यांत त्यांनी किसनच्या पाठीची चाळीसेक चित्रे काढली. पूल चढताना सीटवरून उठून पूर्ण भाराने पायडल दाबणारी पाठ. उतारावर सैल सोडलेली. फेब्रुवारीत मानेवरून पंचा गुंडाळलेली, मार्चमध्ये सदऱ्याला घामाने चिकटलेली. उजव्या खांद्यावर एक ठिगळ होते, ते प्रत्येक चित्रात आहे. रेघा थरथरलेल्या, कारण रिक्षा चालू असे. महालापासून आमच्या फाटकापर्यंतचे सगळे खड्डे त्या चित्रांत आले आहेत.

किसन पुढे पाहतच बोले. तीन वर्षांची मुलगी होती, शोभा. ती काय म्हणाली, तिने कोणाला ओचकारले, तिला ताप कसा येऊन गेला, हे सगळे भोयरजींना त्याच्या पाठीकडून कळे. एकदा त्यांनी त्याला वही दाखवली. तो हसला. म्हणाला, "हा मी? मी तं माही पाठ कधी पाह्यलीच नाही जी." त्याला वाटलेले नवल भोयरजींना फार आवडले होते. तीन-चारदा तरी त्यांनी ते मला सांगितले.

एप्रिलात पाय बरा झाला आणि ते पुन्हा सायकलवर येऊ लागले. मे महिन्यात एका दुपारी किसन रस्त्यात कोसळला. ऊन लागले. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. आठव्या दिवशी त्याची बायको अनुसया आपल्या भावाला घेऊन आमच्या कार्यालयात आली. तिने ऐकले होते की बाबू रोज किसनचे चित्र काढत.

भोयरजींनी तिला रेकॉर्डच्या खोलीत आणले, कारण तिथे वर्दळ नव्हती. ती खुर्चीवर बसेना. फरशीवर बसली आणि वह्या मांडीवर घेऊन एकेक पान पाहू लागली. तिला घाई नव्हती. एका पानावर तिने खांद्यावरच्या ठिगळावर बोट ठेवले. "हे मीनं लावलं होतं," भावाला म्हणाली. शेवटचे पान झाल्यावर तिने वह्या नीट एकावर एक रचल्या.

"याच्यात तोंड नाही जी?"

भावाने सांगितले की घरात फोटो एकही नाही. लग्नात काढला नव्हता, पुढे कधी कारण पडले नाही. तेराव्या दिवशी, तेरवीला, पाटावर मांडायला काहीतरी हवे.

"तेरवीचं होऊन जाईन," अनुसया म्हणाली. "पोरगी लहान हाये. तिच्या ध्यानात नाही राहणार. तुमी पाच महिने रोज पाह्यलं, तुमच्या हाताले येईनच."

ते पाहतो म्हणाले. ती गेल्यावर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग मला म्हणाले की मास्तर, मला त्याचं तोंड आठवत नाही. चढताना-उतरताना पाहिले असेल, पण नजर वहीत असे. मी म्हणालो, "काढून द्या हो भोयरजी. कोण तपासणार आहे?"

हे वाक्य मी सद्भावनेने बोललो होतो. तरी ते मीच बोललो होतो.

त्यांनी दोन दुपारी बसून चेहरा काढला. चांगल्या जाड कागदावर, शाईने. आमच्या शिपायाचे कपाळ, चहावाल्याच्या मिशा, डोळे कोणाचे ते मला ओळखू आले नाहीत. भांग पाडलेला, सरळ समोर पाहणारा, भल्या स्वभावाचा एक देखणा माणूस तयार झाला. एखाद्या शाळेचा हेडमास्तर शोभला असता. मला ते चित्र उत्तम वाटले आणि मी तसे बोललोही.

चित्र द्यायला आम्ही दोघे गेलो. अनुसयाने ते दोन्ही हातांत घेतले. मी तिच्याकडे पाहत होतो. तिने पाहिले, आणि पाहतच राहिली. मग म्हणाली, "हो. हेच." तिच्या भावाने चित्राकडे पाहिले आणि मान खाली घातली. पाटावर चित्र मांडले, हार घातला. कोणीतरी शोभाला उचलून आणले आणि सांगितले की हे बाबा. ती थोडी बिचकली. तिच्या हातात गुळाचा खडा होता. तो तिने वाकून चित्राच्या तोंडाला लावला.

परतताना भोयरजी सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत राहिले. सीताबर्डी आली तेव्हा म्हणाले, "मास्तर, तो किसन नव्हता."

मी म्हटले, पण तिने ओळखला ना.

"तिनं ओळखला नाही," ते म्हणाले. "तिनं मानला."

त्यानंतर वर्षभर त्यांच्या खिशात वही नव्हती. उसवलेला खिसा तसाच लोंबत असे. कार्यालयात कोणी विचारले तर म्हणत की पेन्सिल संपली. पुढे वही परत आली. ते पुन्हा रस्त्यावर उभे राहू लागले, पण पूर्वीसारखे हसून कोणाला दाखवीत नसत.

अनुसयाने त्यांना भाऊ मानले होते. ती संत्र्यांच्या वखारीत टोपल्या भरायला जाई. अक्षय तृतीयेला किसनच्या नावाने घास ठेवायची तेव्हा दरवर्षी भोयरजींना जेवायला बोलावी. ते कधी चुकले नाहीत. पण आल्यावर एक दिवस अबोल असत. एकदाच बोलले. म्हणाले, "तो माह्याकडंच पाहते मास्तर. कुठीही बसा. मीच तसा काढला." शोभा त्या चित्राशी बोले. शाळेत पास झाली की आधी त्याला सांगे, पायांत नवी चप्पल आली की चित्रासमोर उभी राहून दाखवी. भिंतीवरचा तो हेडमास्तर त्या घरात मुरत चालला होता, आणि खरा किसन कसा होता हे सांगू शकणारी माणसे कमी कमी होत होती.

निवृत्त झाल्यावर भोयरजी गावी गेले नाहीत. आणखी काही वर्षे त्याच खोलीत राहिले. बायकोला सांगत की पेन्शनचे कागद व्हायचे आहेत. खरे कारण मला ठाऊक होते. ते चेहरे काढायला शिकत होते. दाढीच्या आरशात पाहून स्वतःचा चेहरा काढत आणि फाडून टाकत. त्या वयाचा माणूस पाटीवर अक्षरे गिरवू लागावा तसे ते होते. मग ते किसनच्या गावी गेले. तिथे त्याचा थोरला भाऊ होता, म्हातारी आई होती. जमिनीची काहीतरी चौकशी काढून तीन दिवस त्यांच्या अंगणात बसले आणि भावाचे कान, आईची हनुवटी काढून आणली. सगळे सुटे सुटे भाग. त्यांतून किसन काही उभा राहीना.

तो उभा राहिला कुहीच्या बसमध्ये. गर्दी होती. पुढे उभ्या कंडक्टरने मान मागे वळवून कोणाला तरी विचारले, "उतरता का जी?" भोयरजी मला सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज लहान झाला होता. पाच महिने, रोज, फाटकाशी रिक्षा थांबली की किसन असाच मान वळवून हेच विचारी. त्याचा तेवढाच चेहरा त्यांनी खरोखर पाहिला होता, आणि तो पाठीच्या बाजूने पाहिला होता. बसमध्येच त्यांनी वही काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या दारात ते चित्र उघडले. नंतर मोठ्या कागदावर केले तेही असेच होते. रिक्षाच्या सीटवर बसलेला किसन, खांद्यावरून मागे वळून पाहणारा. गालावर देवीचे वण. एक पापणी किंचित उतरलेली. पुढचा एक दात ओठावर आलेला. देखणा मुळीच नाही, आणि दमलेला. मीही त्याला फाटकाशी रोज पाहत असे, चेहऱ्याकडे मात्र कधी लक्ष दिले नव्हते. इतक्या वर्षांनी मला एकदम कोणी नावाने हाक मारल्यासारखे झाले.

"हा किसन," भोयरजी म्हणाले. आनंद म्हणावा असे त्यांच्या तोंडावर काही नव्हते.

त्याच सुमारास शोभाचे लग्न ठरले. मुलगा काटोलचा, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये. शोभाने आईला सांगून ठेवले होते की बाबांचे चित्र मी सासरी नेणार. भोयरजी रोज माझ्याकडे येऊन बसत. माझ्या मुलाने मनीषनगरकडे प्लॉट घेतला होता, त्याविषयी विचारपूस करत आणि उठून जात. एके दिवशी म्हणाले, "पोरगी खोटा बाप घेऊन चालली मास्तर. अठरा वर्षं झाले. द्याचं का राहू द्याचं?" या वेळी मी सल्ला दिला नाही. एकदा दिला होता.

लग्नाला चार दिवस होते तेव्हा आम्ही गेलो. दुपार होती. शोभा मैत्रिणीबरोबर बाहेर गेली होती. अनुसया पडवीत गहू निवडत बसली होती. आमच्यासमोर ती कधी डोक्यावर पदर घेत नसे. भाऊच होते ते, मी त्यांच्याबरोबरचा. तिने हात झटकले, पाणी दिले. भोयरजींनी गुंडाळी तिच्या हातात दिली.

तिने ती सोडली. पाहिले. आणि तिचा हात वर गेला, पदर ओढून तिने डोक्यावर घेतला.

हे तिने मुद्दाम केले नाही. तिच्या लक्षातही आले नसावे. भोयरजी मात्र ते पाहून खाली बसले.

"लय उशीर केला जी तुमी," ती म्हणाली. रागाने नाही.

"तुले मालूम होतं?"

"त्याच दिवशी मालूम होतं. हे असे नव्हतेच कधी." तिने आत भिंतीकडे मान केली.

"मंग काहून हो म्हटलं?"

"तुमी दोन दिवस बसून काढलं होतं. अन् पोरीले कोणी तरी पायजे होतं." ती पुन्हा हातातल्या चित्राकडे पाहू लागली. "आता पोरगी त्यालेच बाप म्हणते. त्याच्यासंग भांडते, रुसते. लग्न जमलं तं पह्यले त्याले सांगतलं. दोन बाप कसे दाखवू तिले, तुमीच सांगा."

भोयरजींनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मला कळले नाही. अनुसया उठली. कोपऱ्यातली लोखंडी पेटी उघडून तिने साड्या वर केल्या, चित्र तळाशी आडवे ठेवले आणि साड्या परत घातल्या. "हे माह्याजवळ राहू द्या," ती म्हणाली. "मले पाहाले होईन." मग चहा ठेवायला आत गेली.

चहा घेऊन आम्ही निघणार होतो. भोयरजींना तिथूनच कुहीच्या बसला जायचे होते. त्या दुपारनंतर मी त्यांना पाहिले नाही. लग्नाच्या दिवशी मी तापाने झोपून होतो, आणि पावसाळा संपता संपता पुतण्याचे ते कार्ड आले. पण त्या दुपारी चहाच्या आधी शोभा आली. हिरव्या बांगड्या भरलेली, घामेजलेली, हसरी. तिने दोघांच्या पाया पडून सरळ भिंतीवरचे चित्र उतरवले. काच तडकली होती, नवी चौकट करून घ्यायची होती. खिळे उचकून तिने कागद मोकळा केला आणि भोयरजींसमोर पाटावर ठेवला.

"काका, याच्यावर तुमचं नावच नाही," ती म्हणाली. "तिकडे सारे इचारतीन कोणी काढलं. लिहून द्या न."

आमच्या कामात नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात काढणाऱ्याची सही असते. जागेवर जे आहे तेच कागदावर आहे, असा तिचा अर्थ. भोयरजींच्या वह्यांतल्या टीचभर चित्रावरही कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरे असत. या एका चित्रावर ती नव्हती. मी ते इतक्या वर्षांत पाहिलेही नव्हते.

आत स्टोव्ह भरभरत होता. कपबशा विसळल्याचा आवाज थांबला.

भोयरजींनी माझ्यापुढे हात केला. मी पेन दिले. त्यांनी चष्मा पुसला, कागद सरळ केला, डाव्या हाताने कोपरा दाबून धरला आणि नकाशावर लिहीत तशा सुट्या, उभ्या अक्षरांत पूर्ण नाव लिहिले. नारायण भोयर. शाई ओली होती. शोभाने वाकून तिच्यावर फुंकर घातली आणि तशीच वाकलेली असताना, सहज विचारावे तसे विचारले,

"असेच होते न काका, बाबा?"

त्यांनी चित्राकडे पाहिले नाही. तिच्याकडे पाहिले.

"हो माय," ते म्हणाले. "असेच होते."

आतून कपबशा विसळल्याचा आवाज पुन्हा येऊ लागला.